कोरड्या हवेचे भांडवल : कूलरच्या गारव्यामागचा हिशेब

महावीर जन्मकल्याणकाच्या सुमारास नाशिकचे ऊन तापू लागते आणि घराघरांतील माळ्यावर झाकून ठेवलेले कूलर खाली उतरतात. टाकी धुतली जाते, जुने गवत काढून नवे भरले जाते, पंप पाणी उचलतो की नाही ते पाहिले जाते. पुढे अक्षय तृतीयेपर्यंत पारा चाळिशीच्या घरात पोहोचतो आणि दुकानात, बैठकीच्या खोलीत, वृद्ध माणसाच्या उशाशी हे साधे यंत्र अखंड फिरत राहते. इतक्या परिचयाच्या या वस्तूविषयी समज मात्र थोडा आणि गैरसमज पुष्कळ. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेणे, टाकीत बर्फाच्या लाद्या सोडणे, मुंबईच्या नातेवाइकांना नाशिकहून कूलर पाठवणे, पाणी अजून स्वच्छ दिसते म्हणून पंधरा पंधरा दिवस तेच ठेवणे, या साऱ्या गोष्टी चांगल्या हेतूनेच केल्या जातात. त्यांतील पहिल्या तिन्हींत पैसा आणि श्रम वाया जातात. चौथीत आरोग्य आणि जीवदया या दोहोंना बाध येतो.

या चारही गैरसमजांचे मूळ एकच आहे. कूलर हे थंडी निर्माण करणारे यंत्र आहे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः कूलर व्यवहार करतो. तो हवेतील उष्णता पाण्याला देतो आणि पाण्याची वाफ हवेत सोडतो. या व्यवहाराचे भांडवल म्हणजे हवेचा कोरडेपणा. ते जोवर हाताशी आहे तोवर गारवा मिळतो. ते संपले की पंखा कितीही वेगाने फिरला तरी पदरात काही पडत नाही.

पाणी उष्णता कशी उचलते

पाण्याची वाफ होण्यासाठी ते उकळावेच लागते असे नाही. दोरीवरचा ओला कपडा सावलीतही वाळतो, अंगावरचा घाम वाऱ्याने सुकतो, अंगणात शिंपडलेले पाणी पाहता पाहता नाहीसे होते. या प्रत्येक वेळी द्रवरूप पाण्याचे कण मोकळे होऊन हवेत मिसळतात. हे मोकळे होणे फुकट होत नाही. त्यासाठी उष्णता लागते आणि ती पाणी आपल्या आसपासच्या वस्तूंकडून घेते. ही उष्णता तापमापकात दिसत नाही, वाफेच्या पोटात दडून राहते. म्हणूनच शास्त्राच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हटले आहे.

तिचे प्रमाण थक्क करणारे आहे. नेहमीच्या तापमानाला १ लिटर पाणी सुकून हवेत जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता उचलते. विजेच्या मापात सांगायचे तर ही जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट होते. तुलनेसाठी बर्फ घ्यावा. १ किलो बर्फ वितळताना अवघी ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. म्हणजे सुकणारे पाणी हे वितळणाऱ्या बर्फापेक्षा सातपट अधिक उष्णता वाहून नेते. टाकीत ५ किलोची लादी सोडली, ती वितळली आणि तिचे पाणी टाकीतल्या पाण्याइतके कोमट झाले, तरी तिने एकंदर घेतलेली उष्णता १ लिटर पाण्याच्या सुकण्याइतकीही भरत नाही. भर उन्हात चालणारा मध्यम आकाराचा कूलर तर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. बर्फाने पहिली काही मिनिटे झुळूक अधिक गार भासते हे खरे. पण एवढ्यासाठी रोज लादी आणणे हा तोट्याचा सौदा आहे.

आपल्या घरातील माठ याच नियमावर चालतो. मातीच्या भांड्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला येते, वाऱ्याने सुकते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठ चकचकीत रंगवला तर छिद्रे बुजतात आणि तो नुसता शोभेचा उरतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या माठाची छिद्रे पाण्यातील क्षारांनी भरतात, म्हणून जुना माठ पूर्वीसारखा गार करत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. पण लखलखीत हंड्यातले पाणी उन्हाळ्यात कोमटच राहते, कारण धातूतून पाणी झिरपत नाही. त्याच हंड्याला ओले फडके गुंडाळून तो वाऱ्याला ठेवला, की तोही माठासारखे वागू लागतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९८०च्या दशकात याच तत्त्वावर विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू आणि त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, एवढीच त्याची रचना. भाजी आणि फळे त्यात बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस टवटवीत राहतात. माठ, शीतकक्ष आणि कूलर ही एकाच कुळातील भावंडे आहेत. कूलरने त्यात फक्त पंख्याची आणि पंपाची भर घातली.

हवेची तहान

पाणी किती वेगाने सुकेल हे हवा किती तहानलेली आहे यावर ठरते. हवा ठरावीक तापमानाला ठरावीकच वाफ सामावून घेऊ शकते. त्या क्षमतेच्या किती टक्के वाफ आधीच भरलेली आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. आर्द्रता २० टक्के असेल तर हवा जवळजवळ रिकामी आहे. ८५ टक्के असेल तर ती काठोकाठ भरत आली आहे.

कूलरला हवा अधिकाधिक किती गार करता येईल, हे घरच्या घरी मोजता येते. दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या पाऱ्याच्या टोकाला ओले सुती फडके गुंडाळावे आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात ठेवावेत. काही मिनिटांत ओल्या फडक्याचा पारा खाली उतरून एका जागी स्थिरावतो. त्या आकड्याखाली कूलर कधीही जाऊ शकत नाही. दोन पाऱ्यांमधील अंतर हेच त्या दिवशीचे भांडवल. चांगला कूलर या अंतरातील ७० ते ८० टक्के वाटा पदरात पाडून देतो.

एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी नाशिकमध्ये हवा ४० अंशांवर आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या फडक्याचा पारा सुमारे २२ ते २३ अंश दाखवतो. अंतर १७ अंशांचे. त्याचे तीन-चतुर्थांश धरले तर कूलरमधून बाहेर पडणारी हवा सुमारे २७ अंशांची असते. तेरा अंशांचा हा उतार दुपारच्या झोपेला आणि दुकानातील गिऱ्हाइकाला पुरेसा आहे.

आता हाच कूलर कसारा घाट उतरून मुंबईला न्यावा. तिथे मे महिन्यात पारा ३४ अंशांवरच थांबतो; पण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे आर्द्रता ६५ टक्क्यांच्या घरात असते. ओल्या फडक्याचा पारा २८ अंशांच्या पुढेच अडतो. अंतर जेमतेम साडेपाच अंशांचे. हाती लागतात चार अंश आणि त्यांच्यासोबत अंगाला चिकटणारा दमटपणा. यंत्र तेच, पाणी तेच, पंखाही तोच. मुंबईच्या नातेवाइकांच्या घरी कूलर निकामी ठरतो याचा दोष यंत्राकडे नसून तिथल्या हवेकडे भांडवलच नसते.

नाशिकलाही हे भांडवल बाराही महिने मिळत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचे हे शहर सह्याद्रीच्या पूर्वेला आहे. उन्हाळ्यात समुद्राचा दमटपणा घाटापलीकडे फारसा पोहोचत नाही, म्हणून इथली दुपार कोरडी असते. जिल्ह्याच्या पूर्वेकडे मालेगाव, मनमाड, येवल्याच्या बाजूला ऊनही अधिक आणि कोरडेपणाही अधिक, त्यामुळे कूलरचा उपयोगही अधिक होतो. मात्र मेअखेरीस वळवाचे ढग जमू लागले की हवेतील वाफ वाढते. जुलैमध्ये हवा २७ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्क्यांची असेल, तर दोन पाऱ्यांत केवळ दोन अंशांचे अंतर उरते. अशा दिवशी पंप चालवणे म्हणजे खोलीत ओल भरणे. नुसता पंखा त्याहून बरा.

यंत्राची अंगे

कूलरची रचना उघडून पाहिली तर त्यात गूढ असे काही नाही. खाली टाकी, टाकीत छोटा पंप, तीन बाजूंना ओले राहणारे आवरण आणि मध्ये हवा ओढणारा पंखा. पंप पाणी वर चढवतो, ते आवरणावरून निथळत पुन्हा टाकीत येते. पंखा बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या आवरणातून खेचून आत सोडतो. हवा आणि पाणी यांची जितकी अधिक गाठ पडेल तितके पाणी अधिक सुकते, म्हणून आवरणाचे महत्त्व सर्वाधिक.

हे आवरण पूर्वी वाळ्याचे असे. अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात वाळ्याच्या मुळांनी बनवलेल्या गार खोल्यांचा उल्लेख आहे. पुढे वाड्यांच्या आणि कचेऱ्यांच्या दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत पडली. अमेरिकेच्या ॲरिझोना या कोरड्या प्रांतात १९३०च्या दशकात लाकडाच्या बारीक तासाचे आवरण आणि विजेचा पंखा यांची जोडी जमली, आणि आजच्या कूलरचे रूप साकारले. आपल्याकडे ज्याला कूलरचे गवत म्हणतात तो बहुधा हा लाकडाचा तासच असतो. तो स्वस्त पडतो. पण हंगामाअखेर दबतो, कुजतो आणि दरवर्षी बदलावा लागतो. अलीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे असलेले जाड कागदी पॅड मिळतात. ते महाग असतात, मात्र नीट राखले तर काही हंगाम टिकतात आणि हवेला अधिक ओला पृष्ठभाग देतात.

आवरणाचा मोठा शत्रू म्हणजे पाण्यातील क्षार. पाणी सुकते तेव्हा क्षार मागे राहतात. टाकीत पुन्हा पुन्हा पाणी भरत गेले की उरलेले पाणी अधिकाधिक जड होते आणि आवरणावर पांढरी पुटे चढतात. शहराला गंगापूर धरणातून मिळणारे नळाचे पाणी या बाबतीत बरे. कूपनलिकेच्या पाण्यावर चालणाऱ्या वसाहतींत मात्र पुटे लवकर धरतात. टाकीतील पाणी ठरावीक दिवसांनी पूर्ण काढून टाकणे हाच यावरचा साधा उपाय. पुढे येणाऱ्या एका महत्त्वाच्या कारणासाठीही तो आवश्यकच आहे.

खिडकी उघडी का ठेवावी

वातानुकूलन यंत्र, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातला एसी, खोलीतील तीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. म्हणून तिथे दारे-खिडक्या बंद हव्यात. कूलरचा व्यवहार याच्या उलट आहे. त्याला सतत बाहेरची ताजी, कोरडी हवा लागते आणि वापरलेली ओली हवा बाहेर जाण्यासाठी वाट लागते. कूलर बंद खोलीत ठेवला की तो स्वतःच सोडलेली दमट हवा पुन्हा ओढतो. पहिला अर्धा तास बरे वाटते. मग हवा वाफेने भरते, पाणी सुकणे मंदावते, भिंतींना आणि गादीला ओल येते. माणसाला तर घुसमटल्यासारखे होते, कारण अंगावरचा घाम सुकायलाही हवेत जागा उरलेली नसते. शरीर स्वतःला थंड ठेवते तेही बाष्पीभवनानेच. बंद खोलीतील कूलर शरीराचा हा स्वतःचा मार्गच अडवतो.

म्हणून कूलरची जागा खिडकीत किंवा बाल्कनीत, त्याची पाठ बाहेरच्या हवेकडे आणि शक्य तो सावलीत असावी. समोरच्या भिंतीतील खिडकी वा दार थोडे उघडे असावे. अंदाजासाठी, १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीला तासाला सुमारे ८०० ते १,२०० घनमीटर हवा देणारा कूलर पुरतो. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. एवढ्या हवेला बाहेर पडण्यासाठी दीड-दोन चौरस फुटांची फट पुरे. वाट अगदी मोठी ठेवली तर गारवा खोलीत टिकत नाही, अगदी लहान ठेवली तर दमटपणा साचतो. ज्या खोलीला दुसरी खिडकीच नाही तिथे हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवावा.

रात्रीचा प्रश्न निराळा आहे. कोरड्या हवेमुळे नाशिकची उन्हाळी रात्र बरीच उतरते. मध्यरात्रीनंतर पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तरी बाहेरची गार हवा खोलीत येते, पाणी वाचते आणि पहाटे अंग आखडत नाही. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्या, चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर खोली गार असणे विशेष मोलाचे आहे. रात्रभर घाम कमी गेला तर शरीरातील पाणी टिकते आणि सकाळच्या पच्चक्खाणापर्यंतचा काळ सुसह्य होतो.

दुकान आणि गोदाम

व्यापारी कुटुंबांनी एक भेद ध्यानी ठेवावा. कूलर माणसाला मानवतो. मालाला मानवतोच असे नाही. त्याच्या प्रत्येक गार झुळकीबरोबर वाफ येते. कापडाच्या दुकानात हवा खेळती असेल तर फारसे बिघडत नाही. पण झोत थेट गठ्ठ्यांवर सोडू नये. किराणा दुकानात डाळी, कडधान्ये, गूळ, साखर, मसाले, पापड उघडे असतील तर ओल धरतात. गुळाला पाणी सुटते, मसाल्यांच्या गुठळ्या होतात, धान्यात बुरशी आणि कीड यांना आयते आमंत्रण मिळते. कागदी वह्या, पावत्या, संगणक यांनाही सतत ओली हवा चांगली नाही. गोदामात कूलर नकोच; तिथे उंच झरोके, पहाटे उघडणारी दारे आणि छतावरचा पांढरा लेप यांचाच उपयोग अधिक.

खर्चाचा ताळेबंद मांडला तर कूलरची बाजू जड ठरते. घरगुती कूलरला साधारण १५० ते २०० वॅट वीज लागते. दहा तास चालला तरी २ युनिटांच्या आतबाहेर. दीड टनाचा एसी चालू असताना १,२०० ते १,५०० वॅट ओढतो. मात्र कूलरच्या खर्चाच्या बाजूला पाणी लिहायला विसरू नये. दिवसभरात ऐंशी-शंभर लिटर पाणी सहज हवेत जाते. धरणांचा साठा खालावलेल्या मे महिन्यात हा आकडा लहान नाही. पाण्याच्या थेंबातही जीव मानणाऱ्या परंपरेला तर तो डोळ्यांआड करता येणार नाही. दुपारच्या चार-पाच तासांपुरता वापर, उतरत्या उन्हात पंप बंद, एका खोलीत कुटुंब एकत्र बसणे, अशा साध्या विवेकाने पाण्याचा वापर निम्म्यावर येतो.

साचलेल्या पाण्याचा प्रश्न

कूलरविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या टाकीत आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण गटारापेक्षा घरातील स्वच्छ, स्थिर पाणी पसंत करतो. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. ही अंडी पाणी आटले तरी अनेक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरताच फुटतात. म्हणूनच केवळ पाणी बदलून भागत नाही. टाकीच्या कडा घासून काढाव्या लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आवाहन पालिका आणि आरोग्य विभाग करतात, त्यामागे हेच गणित आहे.

अहिंसा पाळणाऱ्या घरासाठी या गणितात एक अधिक अर्थ आहे. टाकीत अळ्या वळवळू लागल्या की मग समोर दोनच वाटा उरतात आणि दोन्ही क्लेशाच्या. औषध वा रॉकेल टाकले तर त्या मरतात. तसेच सोडले तर डास होऊन घरातील लेकराला आणि शेजारच्या वृद्धाला तापाने पाडतात. जीव उत्पन्नच होऊ न देणे, ही जैन गृहस्थधर्मात सांगितलेली यतना इथे शब्दशः लागू पडते. दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून, कडा घासून, फडक्याने कोरडी पुसून उन्हात ठेवली, तर अंड्यांना डासापर्यंत पोहोचण्याचा अवसरच मिळत नाही. हे काम नियमाने, वार ठरवून व्हावे. पाणी भरताना ते गाळून भरावे, टाकीला झाकण असावे, हवा येण्याच्या जाळ्या शाबूत असाव्यात. काढलेले पाणी साचू न देता झाडांना द्यावे.

आवरणावर धरणारे हिरवे शेवाळ हीही तशीच गोष्ट. जैन परंपरेने शेवाळ व बुरशी यांना अनंतकाय मानले आहे. वैद्यकाच्या दृष्टीनेही शेवाळलेल्या, कुबट आवरणातून येणारी हवा दम्याच्या रुग्णाला अपायकारक ठरते. कूलर बंद करण्यापूर्वी पंप थांबवून दहा-पंधरा मिनिटे नुसता पंखा चालवला तर आवरण कोरडे होते आणि शेवाळ धरतच नाही. रोजची ही लहानशी सवय धर्म आणि आरोग्य दोन्ही सांभाळते.

विजेपासून सावधगिरी

पाणी, पत्र्याचे अंग आणि वीज हे तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे बेफिकिरी जिवावर बेतते. कूलरचा झटका बसून माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांत बहुधा पाणी भरणारी गृहिणी किंवा खेळता खेळता हात लावणारे मूल असते. पंपाच्या वायरचे आवरण उंदराने कुरतडलेले असते, जोड उघडा असतो, तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग जोडलेला असतो. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवेच हवे. घराच्या मुख्य फळीवर गळती ओळखून वीज तोडणारा ईएलसीबी असावा. पाणी भरताना वा टाकी पुसताना नुसते बटण बंद करून थांबू नये, प्लग काढून बाजूला ठेवावा. अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून चालू कूलरला हात लावू नये. हंगामाच्या सुरुवातीला वायरमनकडून एकदा तपासणी करून घेतल्यास हा धोका पुष्कळ टळतो.

मर्यादा ओळखून वापर

कूलर सर्व उन्हाळ्यांवरचा उतारा नाही. आभाळ भरून आलेल्या, वारा पडलेल्या दमट दिवशी तो हतबल असतो. अशा वेळी वृद्ध, लहान मुले, हृदयाचे वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना केवळ कूलरच्या भरवशावर ठेवू नये. घरातील सर्वांत गार, हवेशीर खोली त्यांना द्यावी. एखाद्याला उष्माघाताची लक्षणे दिसली, अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर त्याला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर ओले फडके फिरवत वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ओले फडके आणि वारा हा उपचारही कूलरच्याच नियमावर उभा आहे.

आषाढी चौमासी चौदस येते तोवर नाशिकची हवा वाफेने भरलेली असते आणि कूलरचा व्यवहार आपोआप मिटतो. त्याच आठवड्यात यंत्र आवरावे. गवत काढून टाकावे किंवा पॅड धुऊन कडक वाळवावे, टाकी घासून पूर्ण कोरडी करावी, पंप बाहेर काढून पुसून कागदात गुंडाळावा, पंख्याच्या मोटरला थेंबभर तेल द्यावे आणि जाळ्या झाकून सारे माळ्यावर चढवावे. टाकीच्या कोपऱ्यात वाटीभर पाणी राहिले, तरी चातुर्मासाच्या दमट दिवसांत तिथे डासांची वस्ती होते. म्हणून झाकण घालण्यापूर्वी टाकीच्या तळावरून एकदा कोरडा हात फिरवून पाहावा.